कासवं शाळेची सुट्टी बघून येत नाहीत

पिंपरी-चिंचवडला राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरच्या आठ जणांनी मालवणला जायचं ठरवलंय. त्या स्वतः, यजमान, दहा वर्षांचा मुलगा, सत्तरीच्या सासूबाई, आणि डोंबिवलीचे दीर-जाऊ त्यांच्या कॉलेजातल्या दोन मुलांसह. मुक्काम तीन रात्रींचा. दिरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर तासातासाचा तक्ता टाकलाय: पहिल्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला आणि स्कूबा, दुसऱ्या दिवशी डॉल्फिन, त्सुनामी आयलंड आणि विजयदुर्ग, तिसऱ्या दिवशी परतताना वाटेत वेळासला कासवांची पिल्लं. मुलाने प्राण्यांची वही करून ठेवलीय, दिसला की खूण करायची. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या म्हणतात, “मी घरीच राहते, माझ्यामुळे तुमचं अडायला नको.” त्यांचं माहेर राजापूर तालुक्यातलं. आणि सगळं ठरवण्याची जबाबदारी अर्थातच या ताईंवर. त्या विचारतात: एवढा खर्च करून जायचं तर प्राणी नक्की दिसतील याची खात्री कशी करायची? मे योग्य आहे का? आणि सासूबाईंना न्यावं की नाही?

ताई,

आधी कासवांचं सांगून टाकते, कारण तुमचा अख्खा तिसरा दिवस त्यांच्यावर उभा आहे. मे महिन्यात वेळासला गेलात तर समुद्र दिसेल, नाना फडणवीसांचं गाव पाहिल्याचं समाधान मिळेल; पिल्लं बहुधा दिसणार नाहीत. ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या आपल्या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, ती उबायला पन्नासेक दिवस. तुम्हीच हिशेब करा. पिल्लं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाहेर पडतात, आणि त्यातल्या त्यात मार्च भरवशाचा. मेमध्ये एखादं उशिराचं घरटं असलं तर असलं. शिवाय वेळास मंडणगड तालुक्यात, सावित्रीच्या मुखाशी. म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याचं वरचं टोक. मालवण राहिलं खाली सिंधुदुर्गात. आणि मालवणहून पुण्याला येताना तुम्ही घाट चढून कोल्हापूरला लागणार. ‘वाटेत’ हा शब्द दिरांनी नकाशा न बघता लिहिलाय.

हे ऐकून मुलगा हिरमुसेल, मला कल्पना आहे. त्याच्याकडे मी येणारच आहे. पण तुमच्या पहिल्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती आधी बघू. ‘खात्री कशी करायची’ असं तुम्ही विचारता, म्हणजे कुठेतरी, कोणाकडेतरी, योग्य पैसे भरले की खात्री मिळते असं तुम्हाला वाटतं. किल्ल्याच्या बाबतीत ते खरं आहे. २५ नोव्हेंबर १६६४ ला मोरयाच्या धोंड्यापाशी पूजन होऊन काम सुरू झालं, तेव्हापासून सिंधुदुर्ग कुरटे बेटावर आहे आणि तुम्ही जाल तेव्हाही तिथेच असेल. डॉल्फिनची गोष्ट तशी नाही. त्यांची खात्री देणारी पाटी तुम्हाला किनाऱ्यावर दिसेलही, ‘न दिसल्यास पैसे परत’ वगैरे. त्या बोटीत बसू नका असंच मी सांगेन. पैसे परत द्यायचे नसतील तर बोटवाल्याला डॉल्फिनच्या मागे लागावंच लागतं. मग एक पाठीचा पंख दिसला रे दिसला की चार बाजूंनी पाच बोटी धावतात, इंजिनांचा आवाज, त्यात कोणीतरी शिट्ट्या मारतं. पिल्लू बरोबर असेल तर आई त्याला घेऊन खाली जाते ती लवकर वर येत नाही. तुम्हाला दिसते ती पळणारी पाठ, आणि ती बघायला आपणच तिला पळवलेलं असतं.

दोष एकट्या बोटवाल्याचा नाही. बोटीतली माणसं घड्याळ बघून “अजून नाही दिसले?” म्हणत राहतात, तेव्हा तो तरी काय करणार! म्हणून बोट ठरवतानाच सांगा, मोठ्याने, सगळ्यांसमोर: दिसले तर दिसले, नाही तर नाही, दिसले की लांब थांबून इंजिन बंद करायचं. असं सांगणारं गिऱ्हाईक मिळालं की बरेच जण खूश होतात, डिझेलही वाचतं. सकाळी लवकर निघा, वारा सुटायच्या आत. पाणी सपाट असेल तर लांबूनही पाठ कळते. इथे किनाऱ्याजवळ दिसतात ते हंपबॅक डॉल्फिन: करड्या रंगाचे, पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पंख. टीव्हीवरच्यासारख्या उड्यांची वाट बघू नका. इंजिन बंद असेल तर आधी ‘फूस्स’ असा श्वास ऐकू येतो आणि मग पाठ दिसते. मुलाला सांगून ठेवा, आधी कान, मग डोळे.

आता तुमच्या तक्त्याबद्दल. त्यात किल्ला एका खणात आहे आणि प्राणी दुसऱ्या खणात. मालवणात हे दोन खण नाहीतच. किल्ल्याभोवती आणि मालवण बंदराच्या आसपास पाण्याखाली खडकच खडक आहेत. ओळखीच्या नावाड्याशिवाय गलबत आत आणणं कठीण, आणि जागा निवडताना ते फार मोलाचं होतं. त्याच खडकांवर पोवळी वाढली, पोवळ्यांच्या आसऱ्याला मासे आले, आणि १९८७ मध्ये इथला सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. सिंधुदुर्ग त्या अभयारण्यातच उभा आहे. म्हणजे किल्ल्याच्या बोटीत बसलात की तुम्ही अभयारण्यात शिरलात. यजमानांना इतिहास हवा, मुलाला प्राणी हवेत, म्हणून दोन वेगळे दिवस काढायची गरज नाही. एक सकाळ नीट द्या.

नीट म्हणजे उन्हाआधी. मेमध्ये दहानंतर किल्ल्यातली वाळू आणि चिरे तापतात, आणि बोटवाले सहसा तासाभराचाच वेळ देतात. पहिल्या बोटींपैकी एखादी धरा आणि जास्त वेळ लागणार हे आधीच बोलून घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. महादरवाजा समोरून दिसत नाही, तटबंदी वळून आत गेली की अचानक सापडतो. मुलाला पुढे पाठवा आणि त्यालाच शोधू द्या. दरवाजाजवळच्या घुमटीत चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा ठसा दाखवतात. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे, तिथल्या मूर्तीला दाढी नाही. कॉलेजातल्या मुलांना हे आधी सांगू नका, त्यांना स्वतःला दिसतंय का बघा. आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी जरूर बघा: चहूकडे खारं पाणी आणि मधे गोडं. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात हा आहे, विजयदुर्गही आहे. तरीही विजयदुर्ग या खेपेला सोडा. तो घाईत बघायचा किल्ला नाही आणि जाऊन-येऊन दिवस संपतो.

स्कूबाचं थोडक्यात. कॉलेजातल्या मुलांना करू द्या. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं प्रशिक्षण केंद्र आहे, खाजगी मंडळीही पुष्कळ आहेत. दमा, सर्दी, कानाचं काही असेल तर लपवू नका. दहा वर्षांच्या मुलाला मी स्नॉर्केलिंगवरच ठेवेन. मात्र तिघांनाही बजावून सांगा: पोवळ्यांवर उभं राहायचं नाही, हात लावायचा नाही. दगडासारखं दिसतं ते जिवंत असतं, वाढायला वर्षानुवर्षं लागतात, आणि पायाखाली एका क्षणात मोडतं. मासे जवळ यावेत म्हणून पाव-बिस्किटं टाकणारे भेटतील, त्यांना नको म्हणा. बाजारात सुकलेली पोवळी विकायला दिसली तर घेऊ नका. कायद्यानेही ती संरक्षित आहेत. आणि मेच्या पाण्यात हिवाळ्याइतकं स्वच्छ दिसेलच असं नाही, हे आधीच धरून चला.

आता मे योग्य आहे का. माझं मत विचाराल तर प्राण्यांसाठी मालवणला जायचं असेल तर डिसेंबर ते मार्च. पाणी निवळ, समुद्र शांत, किनाऱ्यावर कुरव पक्ष्यांचे थवे, आणि शेवटी शेवटी कासवं. पण मार्चमध्ये परीक्षा, आणि होळीच्या सुमारास कोकणात शिमगा. अर्धी मुंबई गावी निघते, गाड्या फुल्ल. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जाल तर राहायला जागा मिळणार नाही, मिळाली तर दर ऐकून परत फिराल. म्हणजे आठ जणांना एकत्र जमणारा काळ मेच, हे मला कळतं. मग मेमध्ये जा, फक्त मेकडून मेचंच मागा. हापूस, फणस, करवंदं, कोकमाचं ताजं आगळ, हे फेब्रुवारीत मिळत नाही. पहिला आठवडा ठरवलात ते ठीक केलंत. महिना सरत आला की समुद्र खवळायला लागतो, आणि मेअखेरपासून ३१ ऑगस्टपर्यंत किल्ल्याची बोट आणि पाण्यातले खेळ दोन्ही बंद असतात. जूनमध्ये जाऊ म्हणणाऱ्या वाचकांनीही हे लक्षात ठेवावं. दरवर्षी कोणीतरी जेट्टीवर उभं राहून लांबूनच किल्ल्याला हात जोडून परत येतं.

सासूबाईंना न्यावं का? ताई, या प्रश्नात तुम्ही त्यांना सामानासारखं मोजताय, आणि ते तुमच्या मनात नसून प्रवासाच्या धास्तीने झालंय हेही मला दिसतं. “मी घरीच राहते” हे वाक्य आपल्याकडे किती अर्थांनी बोललं जातं हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यांना एकटीला गाठून विचारा, “आई, तुम्हाला समुद्र बघायचाय का?” अडचणीचं नंतर. राजापूर तालुक्यात वाढलेली बाई या प्रश्नाला नाही म्हणेल असं मला वाटत नाही.

आणि त्या तुमच्या उपयोगाच्या आहेत. भरती-ओहोटी कळल्याशिवाय मालवणात काहीच धड ठरत नाही, आणि जुन्या कोकणी माणसांना ती कॅलेंडरवरून सांगता येते. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. येईल तो पूर्ण भरतीचा तास. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा, कारण मुंबईपेक्षा मालवणला भरती जरा आधी येते. हा हिशेब त्यांना येत असेल तर तक्ता त्यांच्या हातात द्या. बोटीत चढणं-उतरणं हीच त्यांच्या गुडघ्यांची खरी परीक्षा आहे. ओहोटीला बोट धक्क्याच्या खाली जाते आणि पायरी मोठी होते, भरतीला ती वर येते. द्वादशीच्या आसपास भरती सकाळी नऊच्या सुमारास असते, अशी सकाळ मिळाली तर त्यांना किल्ल्यात सहज नेता येईल. तट चढायची गरज नाही, मंदिराच्या सावलीत बसतील. तशी तिथी नसेल तर त्या किनाऱ्यावर थांबतील आणि तुम्ही जाऊन याल. आठ जणांनी प्रत्येक ठिकाणी आठच असलं पाहिजे असा काही नियम नाही. तुमच्या पत्रात जी दमछाक आहे ती बरीचशी या न लिहिलेल्या नियमाची आहे.

याच कारणासाठी मुक्काम मालवण गावातच करा. देवबाग सुंदर आहे, एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे चिंचोळी पट्टी. पण तिथून प्रत्येक गोष्टीला गाडी काढावी लागते. गावात घरगुती राहण्याची सोय पाहिलीत तर सासूबाई संध्याकाळी स्वतःहून बाजारापर्यंत जाऊन येतील. तळमजला मागा, आणि स्वच्छतागृह कुठल्या पद्धतीचं आहे ते फोनवरच विचारा. लाजू नका, सगळे विचारतात.

आता मुलाची वही. त्याने लिहिलेली यादी मोठ्यांच्या जाहिरातींमधून आलीय: डॉल्फिन, कासव, शार्क. ती खोडू नका, तिच्यात भर घाला. पौर्णिमा-अमावास्येच्या जवळपास असाल तर संध्याकाळी पाचच्या सुमारास चांगली ओहोटी असते. तेव्हा रॉक गार्डनच्या खडकांवर न्या. खळग्यांत साचलेल्या पाण्यासमोर उकिडवं बसून पाच मिनिटं हलू नको म्हणावं. आधी काहीच नसतं. मग शंख चालायला लागतो, त्यातून खेकड्याचे पाय बाहेर येतात, दगडाच्या रंगाचा छोटा मासा उडी मारून शेजारच्या खळग्यात जातो. वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल, ती कोणी काढली ते शोधू द्या. बोटाच्या पेराहून लहान खेकडा असतो, वाळूतलं खाणं गाळून घेऊन उरलेली वाळू गोळी करून टाकतो. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दिसली तर थांबा. बंदराजवळ मासळीचा लिलाव लागतो तिथेही त्याला न्या, वागळी, मोरी, माकुल यांची नावं तिथल्या बायका सांगतील, फक्त ऐन बोलीच्या वेळी मधे मधे विचारू नका. वर आकाशात पांढऱ्या पोटाचा मोठा पक्षी घिरट्या घालताना दिसला तर तो समुद्री गरुड.

दुसऱ्या दिवशी विजयदुर्गाऐवजी धामापूरचं तळं घ्या. कुडाळच्या रस्त्यावर आहे, भगवतीचं देऊळ, दाट झाडी, सासूबाईंना घाटावर बसता येईल. मोठ्या चोचीचा धनेश दिसला तर मुलाच्या वहीत एक पान भरेल. किंवा वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात, तिकडे जा. चिखलात चालणारे निवटे आणि एकच नांगी मोठी असलेले खेकडे मुलाला डॉल्फिन विसरायला लावतील. दोन्हीपैकी एकच. दुपारी सगळ्यांना झोपू द्या.

राहिली कासवं. मुलाला आत्ताच खरं सांगा की मेमध्ये ती बहुधा नसतात, आणि का नसतात तेही सांगा. दहा वर्षांच्या मुलाला कारण कळलं की राग फार टिकत नाही. मग पुढच्या फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला, परीक्षेच्या आधी एखाद्या शनिवार-रविवारी, फक्त तुम्ही दोघं किंवा तिघं वेळासला जा. पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगावला उतरायचं. निघण्याआधी गावात फोन करून घरटी कधी उमलणार आहेत ते विचारा. हॅचरीत, म्हणजे अंडी जपायला केलेल्या कुंपणात, प्रत्येक घरट्याशी तारखेची पाटी असते, त्यामुळे अंदाज सांगता येतो, वचन देता येत नाही. सकाळी आणि संध्याकाळी कासवमित्र घरट्यावर पालथी ठेवलेली टोपली उचलून बघतात. कधी खाली काहीच नसतं आणि टोपली परत पालथी पडते. कधी तळहातात मावतील अशी काळी पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढत असतात. मग ती पाण्यापासून थोडी दूर सोडतात आणि आपण दोरीमागे उभं राहायचं. उचलून पाण्यात सोडायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही, त्यांची ती चाल त्यांनाच चालायची असते. दोन्ही वेळा टोपली रिकामी निघाली तर? निघू शकते. मुलगा बरोबर असेल, गावात घरगुती जेवण असेल, बाणकोटचा किल्ला जवळच आहे. खर्च वाया गेला असं मी तरी म्हणणार नाही. त्यासाठीच तर ही सहल आठ जणांची करू नका म्हणते. आठ जणांची निराशा एकट्या बाईने सांभाळायची म्हणजे फार होतं.

दिरांना वाईट वाटेल, तक्त्यावर मेहनत घेतलीय त्यांनी. त्यांना दुसरं काम द्या, तेही मिनिटाचा हिशेब लागणारं. डोंबिवलीच्या चौघांनी रेल्वेनेच यावं, कुडाळला उतरून पुढे रिक्षा किंवा गाडी. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं आणि मेमधल्या कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात. म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यासाठी मार्चच्या पहिल्या आठवड्यात आठच्या ठोक्याला बसायचं, जाण्याचं झालं की तीन-चार दिवसांनी परतीचं. शनिवार-रविवार टाळून सोमवार ते गुरुवार धरा, राहण्याचे दरही उतरतात. तुम्ही पुण्याहून फोंडा घाटाने गाडीने येणार असाल तर आठ-नऊ तास लागतात. सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवा आणि दर दीड-दोन तासांनी उतरवून चार पावलं चालवा. तारखा ठरवण्याआधी मात्र कॅलेंडर घेऊन त्यांच्यापाशी बसा आणि द्वादशी कधी येते ते बघा.